बुन्ना तेत्तू! : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

परक्या भाषेतला रोजच्या वापरातला एखादा शब्द घेऊन त्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देणारं हे सदर. या वेळचा शब्द ‘बुन्ना’, इथिओपियातल्या अम्हारिक भाषेतला आहे. मराठीत त्याला ‘कॉफी’ म्हणून मोकळं होता येतं, पण तेवढ्यानं भागत नाही, हे आलेल्या पत्रांवरूनच दिसतं.

प्रश्न : आमच्या इमारतीत इथिओपियाचे विद्यार्थी राहतात. रविवारी दुपारी त्यांच्याकडे ‘बुना, बुना’ चालू असतं आणि जिन्यात काहीतरी भाजल्याचा वास येतो. बुना म्हणजे नुसती कॉफी का? आणि नेमका उच्चार काय? (एक वाचक, पुणे)

उच्चार बुन्ना. ‘न’वर रेंगाळायचं, आपण ‘अन्न’ म्हणताना रेंगाळतो तसं. लिपीत मात्र दोनच अक्षरं दिसतात, बु आणि ना. अम्हारिकची लिपी आपल्या बाराखडीच्या वळणाची आहे. प्रत्येक व्यंजनाची स्वराप्रमाणे सात रूपं होतात, पण अक्षर दुहेरी उच्चारायचं असेल तर ते दाखवायची सोय नेहमीच्या लिखाणात नाही. म्हणून पुस्तकावरून शिकणारे ‘बुना’ म्हणतात. या शब्दात त्यानं काही बिघडत नाही, समोरच्याला कळतं. पण सवय आत्ताच लावून घ्या, कारण इतरत्र अर्थच बदलतो. ‘अले’ म्हणजे ‘तो म्हणाला’, ‘अल्ले’ म्हणजे ‘आहे’, आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे.

आता अर्थ. झाड बुन्ना, फळ बुन्ना, कच्ची बी बुन्ना, भाजलेली पूड बुन्ना, कपातली कॉफी बुन्ना आणि ती पिण्यासाठी चार माणसांनी एकत्र बसणं हीही बुन्नाच. ‘बुन्नाम्मा’ म्हणजे तपकिरी रंग. आपण रंगाचं नाव तपकिरीच्या डबीतून घेतलं, त्यांनी कॉफीच्या दाण्यावरून. ‘बेत’ म्हणजे घर, म्हणून ‘बुन्ना बेत’ म्हणजे कॉफीचं दुकान. अदिस अबाबातल्या एका नामांकित फुटबॉल संघाचं नावही ‘इत्योप्या बुन्ना’ आहे. ‘बुन्ना दाबो नेउ’, म्हणजे ‘बुन्ना हाच दाबो’, हे तर सगळ्यांच्या तोंडी असतं. दाबो म्हणजे गव्हाचा जाड पाव. आपण ‘भाकरी’ म्हणताना पोटापाण्याचं सगळंच त्यात धरतो, तसं ते बुन्नाला धरतात.

जिन्यात तुम्हाला जे ऐकू येतं ते बहुधा बोलावणं असतं. एकट्या मित्राला ‘तेत्ता’ (पी), मैत्रिणीला ‘तेच्ची’, अनेकांना ‘तेत्तू’ आणि एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला आदरानं ‘यितेत्तू’. यातला ‘त’ आपला नव्हे. श्वास क्षणभर अडवून, जीभ झटक्यानं सोडून तो उच्चारतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाक जाते ती ‘बुन्ना तेत्तू’ अशी, अनेकवचनात. शब्दश: ‘कॉफी प्या’. पण हाक मारणारी बाई कॉफीपेक्षा माणसं गोळा करत असते.

प्रश्न : कामानिमित्त सहा महिन्यांसाठी अदिस अबाबात आहे. शेजारच्या घरी ‘बुन्ना तेत्तू’ म्हणून बोलावलं. एक कप प्यायलो, वीसेक मिनिटं बसलो, आभार मानून उठलो. घरातल्या आजी एकदम गप्प झाल्या. माझं काय चुकलं? (एक वाचक, सध्या अदिस अबाबा)

उठायची वेळ चुकली. घरच्या बुन्नाच्या तीन फेऱ्या असतात : अबोल, तोना, बेरेका. पूड एकदाच घालतात आणि तिच्यावरच पुन्हा पाणी ओतून उकळतात. अबोल दाट आणि कडक, तोना मध्यम, बेरेका फिकी. चवीसाठी पिणारा अबोलवरच खूश होईल. पण यजमानांच्या लेखी मोल बेरेकाचं, कारण तिच्याबरोबर घराला आणि पाहुण्यांना आशीर्वाद मिळतो, अशी धारणा आहे. नावं तुम्हाला परकी वाटायचं कारण नाही. बेरेका म्हणजे अरबी ‘बरका’, आपली बरकत. अबोलचा संबंध अरबी ‘अव्वल’शी जोडतात आणि तोही शब्द आपल्याकडे नांदतो आहे. पहिल्या कपानंतर उठणारा पाहुणा म्हणजे बरकत दारात टाकून गेलेला माणूस. आजी गप्प झाल्या त्या यामुळे.

शिवाय त्या बाईंचे कष्ट पाहा. कच्चे दाणे धुणं, भाजणं, कुटणं, तीनदा उकळणं, मध्ये कप विसळणं, यात दीड-दोन तास सहज जातात. हे काम जवळजवळ नेहमीच घरातली बाई किंवा मुलगी करते. तिच्यासमोर बसून राहणं हीच तिच्या कष्टांची पोच आहे.

पुढच्या वेळी दोन तास मोकळे ठेवूनच जा. खरोखर घाई असेल तर दाणे शेगडीवर चढायच्या आधीच सांगा, नंतर नव्हे. रिकाम्या हातानं जाऊ नका. साखरेचा पुडा किंवा पाव-अर्धा किलो कच्ची बुन्ना हे सरळ, घरगुती देणं आहे. भाजलेल्या दाण्यांची कढई धूर निघत असताना पाहुण्यांसमोर फिरवतात. तेव्हा आरतीच्या तबकावरून हात फिरवतो तसा तळहातानं धूर आपल्याकडे ओढून वास घ्यायचा. पहिला कप वयानं सगळ्यात मोठ्या माणसाला मिळतो, तुम्ही परदेशी असलात तरी हात पुढे करायची घाई नको. पहिला घोट घेतल्यावर ‘बुन्नाव तिरू नेउ’ म्हणा, कॉफी छान झाली आहे. चौथा कप पुढे आला आणि नको असेल तर ‘बेक्कान्य’, म्हणजे ‘मला पुरे’.

बरोबर खायला जे देतात त्याला ‘येबुन्ना कुर्स’ म्हणतात, बुन्नाची न्याहारी. बहुधा मक्याच्या लाह्या, ‘कोलो’ म्हणजे भाजलेलं सातू (कधी त्यात हरभरे, शेंगदाणे) किंवा दाबोचे तुकडे. गप्पा गल्लीतल्या, लग्नाच्या, बाजारभावाच्या. रुसवेफुगवेही इथेच मिटतात. एखाद्याला फार एकटं वाटत असेल तर ‘बुन्ना प्यायला माझ्याबरोबर कुणी नाही’ असं तो म्हणतो. आजींकडे परत जा आणि या वेळी तिसऱ्या कपापर्यंत बसा.

प्रश्न : तिकडून आलेल्या भाचीनं मातीची काळी ‘जेबेना’ आणली आहे. गॅसवर चालेल का? सगळी कृती प्रमाणासह द्यावी. एकदा करून पाहिली तर कपात अर्धा गाळ आला आणि कॉफी जळकट लागली. (एक वाचक, रत्नागिरी)

जेबेना म्हणजे गोल पोट, लांब मान आणि एका बाजूला कान असलेली सुरई. बूड गोल असल्यामुळे ती एकटी उभी राहत नाही. तिच्याखाली गवताची विणलेली कडी ठेवतात, तिला ‘मातोत’ म्हणतात. आपली चुंबळ तंतोतंत तेच काम करते, ती वापरा.

आधी भांडं तयार करा. नवी जेबेना रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी अर्ध्याच्या वर पाणी भरा, वापरलेल्या कॉफीचा दोन-तीन चमचे चोथा घाला आणि मंद आचेवर वीस मिनिटं उकळून ओतून द्या. असं दोन-तीनदा करा. मातीची बारीक छिद्रं कॉफीच्या तेलानं बुजतात, पाझरणं थांबतं आणि मातकट वास जातो. हे न करता थेट कॉफी केली तर पहिले आठ-दहा दिवस ती ओल्या भिंतीसारखी लागते. साबण कधीही लावू नका, माती तो पिते आणि पुढे प्रत्येक कपात परत देते.

गॅस चालतो, पण ज्योत थेट बुडाला लागू द्यायची नाही. मध्ये जाड लोखंडी तवा ठेवा, आच मंद, आणि जेबेना पाण्यासकट हळूहळू तापू द्या. जेबेना तडकते ती बहुतेक वेळा दुसऱ्या फेरीच्या वेळी, गरम भांड्यात गार पाणी ओतल्यामुळे. पुढच्या फेऱ्यांचं पाणी शेजारी गरम करूनच ठेवा. इथिओपियात शेगडीवर निखारे असतात म्हणून बंद फ्लॅटमध्ये कोळसा पेटवू नका. त्याचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही येत नाही.

आता प्रमाण. सहा छोट्या कपांसाठी (त्यांना ‘सिनी’ म्हणतात, कान नसलेले, साधारण ७० मिलिलिटरचे) ४५ ग्रॅम कच्चे अरेबिका दाणे आणि पहिल्या फेरीला ५०० मिलिलिटर पाणी. जेबेना पाऊण लिटरची हवी, कारण फेसाला जागा लागते. कच्चे दाणे चिकमंगळूर किंवा कोडगूचे चालतात. फिल्टर कॉफीची तयार पूड घ्यायची असेल तर चिकोरीविना घ्या. चिकोरीनं पाणी दाटतं, साका बसत नाही आणि तिसऱ्यांदा उकळताना ती करपट लागते.

दाणे लोखंडी कढईत घेऊन पाणी घाला आणि तळहातानं चोळा. धूळ आणि सुटं सालपट जाईल. दोन पाणी बदला, पूर्ण निथळा. मग मध्यम आचेवर सतत हलवत भाजा. ओल उडाली की दाणे हिरव्याचे पिवळसर होतात. चार-पाच मिनिटांनी भाकरी शेकल्यासारखा वास येतो. आठ-दहा मिनिटांच्या सुमारास दाणे तडतडू लागतात. इथे थांबलात तर कॉफी आंबटसर होईल. आणखी दोन-तीन मिनिटं, दाणे गडद होऊन तेलानं जेमतेम चमकेपर्यंत. मग ताबडतोब ताटात पसरा. कढई उतरवली तरी तिची धग दाण्यांना भाजतच राहते. तुमच्या जळकटपणाचं एक कारण इथे असू शकतं. सुपात घेऊन पाखडा, फोलपट उडून जाईल. भाजून वजन सुमारे १५ टक्के घटतं, म्हणजे ३८ ग्रॅमच्या आसपास उरेल.

कुटायला खलबत्ता. त्यांच्याकडे लाकडी ‘मुकेच्चा’ आणि लोखंडी ‘झेनेझेना’ असतो. पूड बारीक रव्याइतकी हवी. तुमच्या गाळाचं मुख्य कारण बहुधा मिक्सर असावा. मिक्सर पिठासारखी धूळ करतो आणि ती तळाला बसत नाही. मिक्सरच वापरायचा असेल तर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या आणि रवाळ असतानाच थांबा.

जेबेनात पाणी आधी उकळा. उतरवून पूड मानेतून थोडी थोडी घाला, कागदाचं नळकांडं केलं की सांडत नाही. पुन्हा मंद आचेवर चार-पाच मिनिटं. फेस मानेत चढू लागला की थोडी कॉफी कपात ओतून घ्या आणि लगेच परत जेबेनात टाका. फेस खाली बसतो आणि वर तरंगणारी पूड भिजून बुडते. हे दोन-तीनदा. मोठ्या आचेवर कॉफी उतू जाते आणि आतला गाळ तळाला लागून करपतो, जळकटपणाचं दुसरं कारण हे.

मग चुंबळीवर थोडी तिरकी टेकवून पाच मिनिटं अजिबात हलवू नका. साका पोटाच्या एका बाजूला बसतो. ओतताना त्याच अंगाला कलवा, पुन्हा सरळ करू नका. कप एकमेकांना चिकटवून ठेवायचे आणि वीतभर उंचीवरून बारीक, अखंड धारेनं एकामागोमाग भरत जायचं, मध्ये न थांबता. प्रत्येक कपानंतर जेबेना सरळ केली की पोटातली कॉफी हिंदकळते आणि बसलेला साका उठतो. त्यांच्याकडच्या बायका धार न मोडता सहा-सात कप भरतात. कप ज्या बुटक्या चौरंगावर मांडतात त्याला ‘रेकेबोत’ म्हणतात आणि त्याची पाटी धार सांडली तर झेलण्यासाठीच असते. पहिले काही दिवस आपण खाली परात ठेवावी.

दुसऱ्या फेरीला ४०० मिलिलिटर गरम पाणी, तिसरीला ३५०. नवी पूड नाही. प्रत्येक वेळी उकळी, फेस, विसावा हा क्रम तोच. झाल्यावर नुसत्या पाण्यानं खळखळून धुवा आणि तोंड खाली करून पूर्ण वाळवा. ओलसर ठेवलेल्या जेबेनाला कोकणच्या हवेत दोन दिवसांत बुरशी येईल.

प्रश्न : बुन्नात हिरव्या पाल्याची काडी घालतात असं वाचलं. ती आपली सताप म्हणतात, खरं का? आणि मीठ-लोणीही घालतात? (एक वाचक, सांगली)

खरं आहे. अम्हारिकमध्ये तिला ‘तेना आदाम’ म्हणतात, आदमचं आरोग्य. आपल्या परसातल्या सतापीच्या कुळातलीच ती आहे आणि वासही तोच उग्र. बोटभर काडी कपात बुडवायची, दोन घोटांनी काढून ठेवायची. उकळायची नाही, कडू होते. गरोदर बायकांनी ती टाळावी, सतापीनं गर्भपाताचा धोका संभवतो. परसातली तोडताना रस हाताला लागून उन्हात गेलात तर फोडही येतात.

मीठ आणि लोणी खेड्यापाड्यांत, काही भागांत घालतात. शहरात साखरच. ओरोमो लोकांमधल्या काही समाजांत ‘बुना कला’ असते. कॉफीची अख्खी फळं लोण्यात परतून खातात. ‘कला’ म्हणजे कापलेली, बळी दिलेली. जनावराच्या जागी कॉफीचं फळ. या एका नावातून त्या फळाला तिकडे काय मान आहे ते कळतं.

घरात हिरवं गवत पसरतात आणि ‘इतान’ जाळतात. हा इतान म्हणजे आपल्या जंगलातल्या सालईच्या जातभाईचा डिंक. सालईचा धूप मिळाला तर वास बराच जवळ जातो. दाणे भाजून झाल्यावरच तो जाळा, आधी जाळला तर भाजण्याचा वास दबतो.

प्रश्न : शेळ्या नाचल्या म्हणून कॉफी सापडली ही गोष्ट खरी का? आणि ‘कॉफी’ हा शब्द तिथल्या काफा प्रांतावरून आला का? (एक वाचक, कोल्हापूर)

शेळ्यांची गोष्ट छापील स्वरूपात १६७१ मध्ये रोममध्ये आली, फाउस्तुस नायरोन या लेखकाच्या लॅटिन पुस्तिकेत. कॉफी त्याआधी येमेनमध्ये शतकभराहून अधिक काळ पीत होते. ती गोष्ट म्हणून ऐकावी. ठाम आहे ते इतकंच की अरेबिका कॉफी नैर्ऋत्य इथिओपियाच्या जंगलांत आपोआप उगवते आणि काफा त्याच भागात आहे. ‘कॉफी’ शब्द मात्र अरबी ‘कहवा’वरून तुर्कीमार्गे युरोपात गेला. अरबीत कहवा म्हणजे पेय आणि ‘बुन्न’ म्हणजे दाणा.

हा ‘बुन्न’ मराठीला अनोळखी नाही. जुन्या मराठीत कॉफीला ‘बुंद’ म्हणत आणि कॉफीच्या बियांना बुंददाणे. आज तो शब्द वापरातून गेला आहे, ही खरी हानी, कारण इथिओपियाच्या बुन्नाशी सख्खं नातं सांगणारा आपल्याकडचा शब्द तोच होता.

प्रश्न : उपवासाला बुन्ना चालते का? (एक वाचक, नाशिक)

इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात. त्या दिवशी मांस, दूध, लोणी, अंडी वर्ज्य असतात आणि कडक पाळणारे दुपारपर्यंत पाणीही घेत नाहीत. त्यानंतर काळी बुन्ना चालते, लाह्या आणि कोलोही. एके काळी याच चर्चला कॉफी मान्य नव्हती, ती मुसलमानांची मानली जाई. सम्राट मेनेलिक दुसरा (१८८९ ते १९१३) स्वत: ती पीत असे आणि त्याच्या काळात हा विरोध मावळत गेला. आज दोन्ही धर्मांच्या शेजारणी एकाच जेबेनाभोवती बसतात.

प्रश्न : अदिस अबाबाला चार दिवस जात आहे. घरी कुणी ओळखीचं नाही. बाहेर बुन्ना कशी मागायची? मला मधुमेह आहे. (एक वाचक, ठाणे)

दोन प्रकार मिळतील. यंत्राची कॉफी इटालियन वळणाची आहे. १९५३ पासून चालू असलेलं तोमोका हे तिथलं जुनं दुकान प्रसिद्ध आहे. दुधाची हवी असेल तर ‘बुन्ना बेवेतेत’ किंवा ‘माक्यातो’ म्हणा. पण रस्त्याच्या कडेला, इमारतींच्या तळाशी बुटकी स्टुलं मांडून बायका ‘जेबेना बुन्ना’ विकतात, ती चुकवू नका. ‘अंद बुन्ना’ म्हणजे एक कॉफी. विकणारी बाई असेल तर पुढे ‘इबाकिश’ जोडा, पुरुष असेल तर ‘इबाकिह’. दोन्हींचा अर्थ ‘कृपा करून’.

तुमच्यासाठी कामाचे शब्द ‘याले स्क्वार’, साखरेशिवाय. स्क्वार हा अरबी ‘सुक्कर’चा भाऊ, आणि सुक्कर आपल्या ‘शर्करे’ची नात, म्हणजे लक्षात ठेवायला अवघड नाही. मात्र हे बसल्या बसल्याच सांगा. तिकडे साखर आधी कपात पडते, दोन-तीन चमचे, आणि बुन्ना तिच्यावर ओततात. जेबेना हातात घेतल्यावर सांगितलंत तर उशीर झालेला असतो.